जुनी इमारत कलाकेंद्रासाठी वापरताना नवा भाग कसा जोडावा?

वास्तुरेखा

नमस्कार. शंभर वर्षांहून जुन्या एका दगडी गोदामाचे कलाकेंद्रात रूपांतर करण्याचे काम सध्या आमच्या कार्यालयात सुरू आहे आणि त्यातील एका टप्प्यावर मला येथील जाणकारांचे मत हवे आहे. इमारत दुमजली आहे. बाहेरच्या भिंती जाड दगडी, चुन्यात बांधलेल्या; आत लाकडी खांब आणि तुळयांची चौकट; वर कैच्यांवर उतरते छप्पर. मागे मोकळे अंगण आहे आणि त्या बाजूची भिंत दर्शनी बाजूच्या मानाने साधी आहे. विश्वस्तांना एक कलादालन, दोनशे प्रेक्षकांचे लहान नाट्यगृह, कलाकारांसाठी कार्यशाळा आणि एक छोटे उपाहारगृह हवे आहे. हे सगळे जुन्या इमारतीत मावत नाही, त्यामुळे अंगणात नवा भाग बांधावा लागणार, एवढे ठरले आहे.

मतभेद आहे तो नव्या भागाच्या रूपाविषयी. काही विश्वस्तांच्या मते नवा भाग जुन्यासारखाच असावा: तोच दगड, त्याच कमानी, तसेच छप्पर. आमच्या कार्यालयातील तरुण सहकाऱ्यांना तो संपूर्ण काचेचा हवा आहे, म्हणजे जुने आणि नवे यांतला फरक कोणालाही दिसेल. मला यांपैकी एकही मार्ग पुरता पटत नाही. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणारी १९६४ ची व्हेनिस सनद वाचली तर एकीकडे नव्या कामावर त्याच्या काळाची मुद्रा असावी असे तिच्यात आढळते आणि दुसरीकडे मूळ रचनेचा तोल व परिसराशी असलेले नाते बिघडू नये अशी अटही सापडते. या दोन अपेक्षा प्रत्यक्ष आराखड्यात एकत्र कशा आणायच्या? नवा भाग किती उंच असावा, जुन्या इमारतीला कोठे आणि कसा जोडावा, साहित्य कोणते घ्यावे आणि कोणता वापर कोणत्या भागात ठेवावा, यांपैकी कोणत्याही मुद्द्यावर अनुभवातून काही सांगता आले तर कृपया सविस्तर लिहावे.

चुनखडी

आपला शेवटचा प्रश्न मी सर्वांत आधी घेईन, कारण माझ्या मते बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात. नवा भाग कसा दिसावा यावर चर्चा सुरू करण्यापूर्वी, जुन्या इमारतीच्या अंगावरचा कोणता भार त्याने उचलायचा आहे हे ठरले पाहिजे. कलाकेंद्राच्या गरजांची यादी नीट पाहावी. स्वच्छतागृहे, लिफ्ट, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा जिना, स्वयंपाकघर, वातानुकूलनाची यंत्रे, पाण्याच्या टाक्या, कलाकृती उतरवून घेण्याची आणि खोक्यांतून सोडवण्याची जागा यांपैकी प्रत्येक गोष्ट जुन्या इमारतीत बसवायची म्हटली की कोठेतरी भिंत फोडावी लागते, तुळई कापावी लागते किंवा पाण्याचा नळ दगडी भिंतीतून न्यावा लागतो. एकेक गोष्ट किरकोळ वाटते. सगळ्या मिळून मात्र इमारतीची चाळण होते, आणि शेवटी दर्शनी भाग तेवढा शाबूत राहतो. म्हणून या सगळ्या गोष्टी नव्या भागात न्याव्यात आणि जुन्या इमारतीत मोठी, मोकळी, जशी होती तशी दालने राहू द्यावीत. नव्या बांधकामाची गरज विश्वस्तांना पटवून देतानाही हेच कारण पुढे करावे, असे मी सुचवेन.

बर्लिनच्या संग्रहालय बेटावर हेच मोठ्या प्रमाणावर केलेले आहे. डेव्हिड चिपरफील्ड यांची जेम्स सायमन गॅलरी २०१९ मध्ये खुली झाली. तिकीटघर, सामान ठेवण्याची जागा, उपाहारगृह, व्याख्यानगृह आणि तात्पुरत्या प्रदर्शनांची जागा तिथे एकत्र आणल्यामुळे शेजारच्या जुन्या संग्रहालयांच्या दालनांवर हा बोजा पडत नाही. पॅरिसच्या जुन्या राजवाड्यातल्या लूव्र संग्रहालयाच्या काचेच्या पिरॅमिडवर १९८९ च्या आधीपासून कितीतरी वाद झाला, पण आय. एम. पेई यांच्या त्या कामाचा बहुतांश भाग अंगणाखाली आहे. वर दिसतो तो केवळ प्रवेश आणि उजेडाचा झरोका. तो आकार कोणाला आवडो वा न आवडो, राजवाड्याच्या पंखांमधली दालने प्रवेश आणि सेवांच्या गर्दीतून मोकळी झाली हे मान्य करावे लागते.

यादी झाली की जुन्या इमारतीची पाहणी वेगळ्या नजरेने करावी. प्रत्येक खोली, भिंत आणि उघाड (दारे-खिडक्यांच्या मोकळ्या जागा) यांना महत्त्वानुसार तीन-चार प्रतींत विभागून नकाशावर रंग भरावेत: कशाला हात लावायचाच नाही, कशात सांभाळून बदल चालेल, कोणता भाग नंतरच्या काळातला आणि काढून टाकण्याजोगा आहे. नवा भाग कोठे जोडायचा याचे उत्तर हा नकाशा जवळजवळ स्वतःच देतो. आपण मागची भिंत साधी असल्याचे लिहिले आहे, पण गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे दरवाजे पुष्कळदा मागच्याच बाजूला असतात, आणि मग त्या इमारतीच्या कामाची सर्वांत बोलकी खूण तिथेच असते. भिंत साधी आहे म्हणून तिचे महत्त्व कमी, असे आधीच धरून चालू नये.

जोडणीविषयी एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. लंडनच्या रॉयल अकादमीत १९९१ मध्ये नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने सॅकलर दालने केली. अकादमीचे जुने घर असलेले बर्लिंग्टन हाऊस आणि त्याच्या मागे नंतर बांधलेली दालने यांच्यामध्ये एक अरुंद, दुर्लक्षित फट होती. त्यांनी जिना आणि लिफ्ट त्या फटीतच बसवली आणि नवे मजले दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून किंचित मागे थांबवून कडेला काच घातली, त्यामुळे कित्येक वर्षे झाकली गेलेली जुन्या घराची बागेकडची भिंत लोकांना हाताच्या अंतरावरून पाहता येऊ लागली. वर गेल्यावर मागच्या, नंतर बांधलेल्या दालनांची कंगणी (भिंतीच्या माथ्याची पुढे आलेली कड) आणि कठडा म्हणजे नव्या प्रवेशदालनाची कड होते, आणि त्यावर शिल्पे मांडलेली आहेत. जुने आणि नवे यांच्यामधली जागा ही मोठी संपत्ती असते. तिला केवळ येण्या-जाण्याची बोळ समजून आखू नये.

उंचीबाबत माझा नियम साधा आहे. नव्या भागाचा वरचा काठ शक्यतो जुन्या छपराच्या वळचणीच्या खाली राहावा. नाट्यगृहासाठी उंची लागणारच असेल, तर तो उंच भाग जुन्या इमारतीपासून जितका लांब नेता येईल तितका न्यावा आणि मधला भाग ठेंगणा ठेवावा. रस्त्यावरून पाहताना जुने छप्पर आकाशाच्या पार्श्वभूमीवर अखंड दिसते की नाही, हे प्रत्यक्ष जागेवर बांबू आणि दोऱ्या उभारून तपासावे. संगणकावरच्या चित्रात पाहणाऱ्याची जागा आपणच निवडतो, त्यामुळे तिथे सगळेच सोयीचे दिसते.

तुळई

मी संरचना अभियंता आहे, त्यामुळे वरच्या मांडणीला जोडून केवळ दोन इमारतींच्या सांध्याविषयी लिहितो. बाकीचे मुद्दे वास्तुविशारदांनी पाहावेत.

पहिली गोष्ट पायाची. आपली जुनी इमारत शंभर वर्षांत जितकी खचायची होती तितकी खचून स्थिरावली आहे. नवी इमारत मात्र बांधताना आणि त्यानंतर काही काळ खचणार. चिकणमातीच्या जमिनीत ही क्रिया वर्षानुवर्षे चालू राहते. दोन्ही एकमेकींना घट्ट जखडल्या तर तडा हमखास जातो, आणि तो बहुधा जुन्या, दुबळ्या बाजूलाच जातो. म्हणून नव्या भागाचे खांब, मजले आणि छप्पर पूर्णपणे स्वतंत्र उभे राहिले पाहिजेत. नव्या खांबाचा पाया जुन्या पायाला खेटून घेतला तर दोघांचा दाब जमिनीत एकाच जागी साठतो आणि जुनी भिंत नव्या बाजूला कलू लागते. त्यापेक्षा पहिली खांबओळ दोन-तीन मीटर मागे घ्यावी आणि तिथून मजला झुलता, म्हणजे पुढच्या टोकाला आधार न देता, पुढे आणावा. जुन्या भिंतीपाशी त्याचा केवळ काठ पोहोचतो, वजन पोहोचत नाही. भूकंपप्रवण भागात मधली फट दोन्ही इमारतींच्या संभाव्य डोलण्याच्या बेरजेइतकी हवी. ती किती ते गणित करूनच ठरवावे, अंदाजाने ठेवू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि जुन्या इमारतींच्या जोडकामात सर्वांत जास्त नुकसान हिच्यामुळेच होते. जुने उतरते छप्पर आणि नवे सपाट छप्पर जिथे भेटतात तिथे आराखड्यात एक बारीक रेघ असते, पण प्रत्यक्षात ती दोन छपरांचे पाणी एकत्र आणणारी पन्हळ असते. ती लपवण्याच्या नादात अरुंद केली जाते, पाला अडकून एकुलते तोंड बुजते आणि पाणी जुन्या भिंतीच्या माथ्यात मुरू लागते. ही पन्हळ माणसाला आत उभे राहून साफ करता येईल इतकी रुंद असावी, तिला किमान दोन निचरे असावेत, आणि दोन्ही तुंबले तरी पाणी बाहेरच्या बाजूला पडेल असे एक उघडे तोंड ठेवावे. जुन्या भिंतीत शिशाची किंवा धातूची पट्टी खोचायची ती दगडांमधल्या सांध्यात, दगड कापून नव्हे. सांधा पुन्हा भरायचा तो चुन्यानेच. सिमेंटचा मसाला चुन्यापेक्षा कठीण आणि ओल कोंडणारा असतो. भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडू शकली नाही तर ती दगडातून बाहेर येते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. मऊ सांधा झिजला तर तो पुन्हा भरता येतो. दगड पुन्हा आणता येत नाही.

तिसरी गोष्ट बांधकाम चालू असतानाची. खोदाई आणि यंत्रांच्या हादऱ्यांसाठी आधीच मर्यादा ठरवून त्या निविदेत लिहाव्यात. जर्मन मानक डीआयएन ४१५० मध्ये नाजूक वारसा इमारतींच्या पायाशी कमी वारंवारितेच्या कंपनांसाठी सेकंदाला ३ मिलिमीटर ही मार्गदर्शक मर्यादा दिलेली आहे आणि ती व्यवहारात उपयोगी पडते. काम सुरू होण्यापूर्वी सर्व जुन्या तड्यांची छायाचित्रे घेऊन त्यांवर मोजपट्ट्या बसवाव्यात. या नोंदी नसतील तर पुढे कोणता तडा जुना आणि कोणता आपल्या कामाने पडला, हे सांगणे अशक्य होते.

शेवटी लाकडी मजल्याविषयी. कलादालनासाठी साधारण दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन (म्हणजे सुमारे ५०० किलो वजनाइतका) भार धरावा लागतो. गोदामाचा मजला मालासाठी बांधलेला असल्याने तो पुष्कळदा हा भार सहज पेलतो, आणि हा आपल्याला मिळणारा मोठा फायदा आहे. तपासायची ती तुळयांची भिंतीत शिरलेली टोके, कारण कुजणे तिथूनच सुरू होते आणि बाहेरून दिसत नाही. बारीक सुईने लाकडाचा प्रतिरोध मोजणारी चाचणी प्रत्येक टोकावर करून घ्यावी. त्या निकालांशिवाय मजल्यावर काँक्रीटचा थर ओतण्याचा निर्णय घेऊ नये. त्याने मजल्याचे वजन वाढते आणि ते परत काढता येत नाही.

पडद्यामागे

प्रकाशयोजना आणि नेपथ्य हे माझे क्षेत्र आहे. वापर करणाऱ्यांच्या बाजूने काही सांगावेसे वाटते.

नाट्यगृह नव्या भागातच घ्यावे, हे मी ठामपणे सांगेन, आणि त्याचे कारण रंगमंचापेक्षा हवेत आहे. दोनशे प्रेक्षकांना प्रत्येकी सेकंदाला १० लिटर ताजी हवा द्यायची तर सेकंदाला २ घनमीटर हवा आत आणावी लागते. नाटकातली कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू यावी म्हणून ही हवा सावकाश वाहिली पाहिजे. सेकंदाला अडीच मीटर वेग धरला तर नळीचे तोंड ०.८ चौरस मीटरचे, म्हणजे जवळजवळ दरवाजाच्या निम्म्या आकाराचे होते. गारव्यासाठी आतली हवा फिरवायची ती वेगळीच. एवढ्या नळ्या लाकडी तुळयांमधून नेता येत नाहीत, आणि नेल्या तर जे जपायचे तेच कापले जाते. शिवाय वरच्या मजल्यावर कोणी चालले की खाली ऐकू येते. नव्या भागात खोलीत खोली अशी रचना करून, आतली पेटी रबरी आधारांवर ठेवून, हा आवाज तोडता येतो.

कलादालन मात्र जुन्या इमारतीत ठेवण्यास माझा पूर्ण पाठिंबा आहे, एका अटीवर. तिथे कशा प्रकारच्या कलाकृती येणार हे आधी ठरवावे. कागदावरची चित्रे आणि वस्त्रे यांच्यासाठी साधारण ५० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) आणि तैलचित्रांसाठी साधारण २०० लक्स ही प्रकाशाची रूढ मर्यादा आहे. खिडक्यांतून येणारा दिवसाचा उजेड याच्या कितीतरी पट असतो, आणि प्रकाशाची हानी साठत जाते, भरून येत नाही. सगळ्या खिडक्या पाट्या ठोकून बंद करणे हा त्यावर उपाय नव्हे. मग जुन्या इमारतीत राहण्याचा अर्थच उरत नाही. खिडकीच्या आत मागे सारता येणारे पडदे, अतिनील किरण अडवणारा थर आणि भिंतींपासून सुटे उभे केलेले प्रदर्शनफलक यांनी बरेच साधते. फलक सुटे असले म्हणजे दर प्रदर्शनाला दगडी भिंतीत खिळे ठोकावे लागत नाहीत, हा आणखी एक लाभ.

आर्द्रतेच्या बाबतीत पूर्वी ५० टक्क्यांच्या आसपास अगदी अरुंद पट्टा सांभाळण्याचा आग्रह असे. मोठ्या संग्रहालयांनी मान्य केलेल्या बिझो ग्रीन प्रोटोकॉलमध्ये आता बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश तापमान असा रुंद पट्टा आहे, बदल सावकाश व्हावेत एवढी अट ठेवून. जाड दगडी भिंती हे बदल मुळातच मंद करतात. अतिशय नाजूक वस्तूंसाठी नव्या भागात एकच लहान, पूर्ण नियंत्रित खोली करावी आणि जुन्या दालनांना तिच्याइतके कडक नियम लावू नयेत. जुन्या इमारतीला हवाबंद पेटी बनवण्याच्या प्रयत्नात तिच्या भिंतींमध्ये ओल धरते, हे वर तुळई यांनी चुन्याविषयी लिहिले आहे त्याच्याशी जुळणारे आहे.

एक लहानशी पण नेहमी राहून जाणारी बाब: नव्या भागातला माल आणण्याचा दरवाजा, तिथली लिफ्ट आणि दालनाचा दरवाजा या तिघांचे माप एकच असावे. सर्वांत मोठी कलाकृती सर्वांत लहान दरवाजापाशी अडते, आणि तो लहान दरवाजा बहुधा जुन्या भिंतीतला असतो. मग कोणीतरी तो रुंद करण्याची सूचना मांडतो.

दगडविटा

वरील सर्व तांत्रिक सल्ल्याशी मी सहमत आहे, पण मूळ वाद दिसण्याचा होता आणि तो इथे थोडा मागे पडला आहे. मला त्या विश्वस्तांची बाजू घ्यायची आहे, निदान अर्धी.

व्हेनिस सनदेत काळाच्या मुद्रेची अट नवव्या कलमात आहे आणि ते कलम जीर्णोद्धाराविषयी आहे. जोडबांधकामाविषयीचे कलम तेरावे. त्यात शैलीचा उल्लेखच नाही. इमारतीचे लक्षणीय भाग, परंपरागत परिसर, रचनेचा तोल आणि भोवतालाशी असलेला संबंध यांना बाधा येता कामा नये, एवढेच ते सांगते. ऑस्ट्रेलियाची बर्रा सनद नवे काम नवे म्हणून ओळखता यावे असे म्हणते खरी, पण ओळखता येणे आणि ओरडून सांगणे यांत पुष्कळ अंतर आहे. आपल्या व्यवसायात विरोध हाच प्रामाणिकपणा अशी एक समजूत रुजली आहे, आणि काचेची पेटी हे तिचे ठरलेले उत्तर झाले आहे. टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ संग्रहालयाला २००७ मध्ये डॅनियल लिबेस्किंड यांनी जोडलेला स्फटिकाकृती भाग फरक दाखवण्यात कमी पडत नाही, परंतु त्याच्या तिरक्या भिंतींवर प्रदर्शन मांडणे ही मांडणी करणाऱ्यांची कायमची कसरत होऊन बसली.

याउलट लंडनच्या नॅशनल गॅलरीचा सेन्सबरी विभाग पाहावा. तो १९९१ मध्ये रॉबर्ट व्हेन्चुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन यांनी केला. दगड जुन्या इमारतीचाच आहे आणि अर्धस्तंभही जुन्या दर्शनी भागातलेच आहेत. जुन्या इमारतीजवळ ते दाटीने उभे आहेत, दूर जाताना विरळ होत होत संपतात. पाहणाऱ्याला नवे कोणते हे कळते आणि तरी भिंतीची भाषा तुटत नाही. बर्लिनच्या नॉएस म्यूझियममधला २००९ चा मुख्य जिना आणखी संयत आहे. युद्धात नष्ट झालेल्या जिन्याचा आकार आणि चढ त्याने घेतला आहे, पण नक्षी घेतलेली नाही. संगमरवराची खडी घातलेल्या फिकट काँक्रीटच्या मोठ्या तुकड्यांत तो उभा केला आहे. लंडनच्या टेट मॉडर्नला २०१६ मध्ये हर्झोग आणि द म्यूरॉन यांनी जोडलेला मनोराही जुन्या वीजकेंद्राप्रमाणे विटेचाच आहे, मात्र त्या विटा जाळीसारख्या रचल्या आहेत आणि रात्री त्यांतून उजेड बाहेर पडतो. या तिन्हींत एक गोष्ट जुन्याकडून घेतली आहे आणि एक सोडली आहे.

विश्वस्तांपुढे मी प्रश्न असा मांडेन: जुन्या इमारतीकडून आपण नेमके काय घ्यायचे? दगडाच्या थरांची उंची, उघाड आणि भरीव भिंत यांचे प्रमाण, छपराचा उतार, सावलीची खोली, यांपैकी एक किंवा दोन गोष्टी घ्याव्यात आणि त्या काटेकोरपणे पाळाव्यात. कमानीची नक्कल मात्र करू नये, कारण जुनी कमान भार वाहते आणि नव्या काँक्रीटच्या चौकटीसमोर चिकटवलेली कमान काहीच वाहत नाही. एवढा फरक सामान्य माणसालाही जाणवतो, जरी त्याला तो सांगता आला नाही तरी.

वास्तुरेखा

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेनंतर आमच्या आराखड्याला दिशा मिळाली आहे. कलादालन आणि कार्यशाळा जुन्या इमारतीत, नाट्यगृह आणि सर्व सेवा नव्या भागात, आणि दोन्हींमध्ये साडेतीन मीटरची मोकळी पट्टी, जिच्यात जिना आणि लिफ्ट असेल. दगडविटा यांच्या सूचनेनुसार दगडाच्या थरांची उंची आणि उघाडांचे प्रमाण एवढेच जुन्याकडून घेण्याचा विचार आहे. नव्या भिंती विटेच्या असतील.

दोन शंका उरल्या आहेत. मधली पट्टी काचेने झाकावी का, की तिच्यातही काही धोका आहे? आणि उंची कमी करण्यासाठी नाट्यगृह अर्धे जमिनीखाली नेणे कितपत योग्य?

तुळई

जमिनीखाली जाण्याबद्दल सांगतो. पाण्याची पातळी वर असेल तर खोदताना सतत पाणी उपसावे लागते, आणि त्या उपशाने शेजारची जमीन आवळते व जुनी इमारत पुन्हा खचू लागते. म्हणून आधी निदान एक पूर्ण पावसाळा भूजलाची पातळी मोजावी. पाणी खोल असेल आणि खड्डा जुन्या पायाच्या तळाच्या कडेपासून खाली ४५ अंशांत काढलेल्या रेषेच्या बाहेर राहत असेल, तर प्राथमिक आराखडा त्या अंदाजाने पुढे नेण्यास हरकत नाही. अंतिम अंतर मात्र मातीच्या चाचण्यांवरूनच ठरवावे. त्या रेषेच्या आत शिरायचे असेल तर आधी ओळीने काँक्रीटच्या खुंटांची भिंत उतरवावी लागेल, आणि त्या खर्चात व जोखमीत नाट्यगृहाची उंची थोडी वाढू दिलेली परवडते. साडेतीन मीटरची पट्टी ठेवल्यामुळे हे अंतर काही प्रमाणात आपोआप मिळाले आहे. जुना पाया किती खोल आहे हे तीन-चार ठिकाणी हाताने खड्डे घेऊन पाहावे. गोदामांचे पाये पुष्कळदा वाटतात त्यापेक्षा उथळ निघतात.

चुनखडी

काचेच्या पट्टीविषयी. बाजूच्या टोकांना काच घ्यावी, छपराला घेऊ नये. काचेच्या छपराखाली उन्हात उष्णता कोंडते, जुन्या भिंतीचा वरचा भाग दिवसा तापतो आणि रात्री निवतो, आणि शंभर वर्षे उघड्या हवेत राहिलेल्या दगडाला अचानक कोरड्या, उष्ण खोलीत ठेवल्यासारखे होते. भिंतीतली ओल मग आतल्या बाजूने वेगाने सुकते आणि क्षार नेमके लोकांच्या नजरेसमोर फुलतात. भरीव, हलके छप्पर घ्यावे; ते जुन्या भिंतीच्या अलीकडे वीतभर थांबवावे आणि तेवढीच फट काचेने झाकावी. त्या फटीतून पडणारा उजेड जुन्या दगडावरून सरकत खाली येतो आणि भिंत दिवसभर वेगवेगळी दिसते. ही काच बाहेरून साफ करायला माणूस कोठे उभा राहणार, हे आजच आराखड्यात दाखवावे. वर आणि खाली हवा खेळण्यासाठी उघडणाऱ्या झडपाही असाव्यात.

मजलाही तसाच थांबवावा. कार्लो स्कार्पा यांनी व्हेरोनाच्या कास्तेलवेक्किओ संग्रहालयात नव्या फरशीच्या कडेला फिकट दगडाची पट्टी घातली आणि फरशी भिंतीपासून थोडी अलीकडे सोडली. ती पन्हळीसारखी रिकामी जागा भिंतीचे पाय मोकळे ठेवते, आणि नवे कोठे संपले हे पाटी न लावता कळते. नॉर्वेतल्या हामार येथे स्वेर्रे फेन यांनी अवशेषांमधून नेलेले काँक्रीटचे उतार-रस्तेही जुन्या भिंतींपासून सुटे राहतात. व्यवहारात मात्र त्या रिकाम्या जागेत कचरा साचतो आणि कोणाचा पाय किंवा चाकाच्या खुर्चीचे चाक अडकू शकते, म्हणून ती बोटभर रुंद आणि खोल ठेवावी, किंवा उचलता येणारी जाळी घालावी.

जुन्या भिंतीतून आत जाण्यासाठी नवे भगदाड पाडण्याआधी असलेल्या उघाडांचा विचार करावा. खिडकीखालची भिंत जमिनीपर्यंत उतरवून तिचा दरवाजा केला तर वरची कमान आणि बाजूचे दगड जागच्या जागी राहतात, आणि काढलेले दगड क्रमांक घालून जपून ठेवता येतात. दोन्ही बाजूंच्या जमिनीच्या पातळीत फरक असेल तर तो पट्टीच्या आतच १ः१२ पेक्षा तीव्र नसलेल्या उताराने मिटवावा, म्हणजे जुन्या दालनाच्या फरशीला हात लावावा लागणार नाही. भूजलाच्या मोजणीला एक पावसाळा द्यावाच लागणार असल्याने, तेवढ्या काळात मागच्या भिंतीची दगड-दगड मोजून रेखाटने करून घ्यावीत, आणि दरवाजा कोणत्या खिडकीत घ्यायचा ते त्या रेखाटनांवरूनच ठरवावे.